भूगोलाचे सर, मुक्काम मस्कत

मस्कतमध्ये जरा जोराचा पाऊस आला की शाळांना सुट्टी जाहीर होते. इतकी वर्षं तिथे काढूनही सरांना हे पचलेलं नाही. सर मूळचे रत्नागिरीकडचे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या मुलखात, छत्री उलटी झाली तरी दप्तर पोटाशी धरून शाळा गाठलेला माणूस. मस्कतचा वर्षभराचा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर. "एवढा आमच्याकडे आंघोळीचं पाणी तापेपर्यंत पडतो," हे वाक्य त्यांच्या तोंडून न ऐकलेला मराठी माणूस मस्कतमध्ये बहुधा नवाच आलेला असतो. वाद्यांपुढे मात्र त्यांचं काही चालत नाही. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. वर कुठेतरी ढग फुटतो आणि खाली लख्ख ऊन असताना लोंढा येऊन मोटारी उचलून नेतो. वादीत घोटाभर पाणी दिसलं तरी सर गाडी निमूट मागे वळवतात आणि घरी येऊन सुट्टीला शिव्या देतात.

भारतीय शाळेत सर भूगोल शिकवतात. केंद्रीय बोर्ड, नववी, धडा हवामानाचा. समोरची पोरं भारतीय, पण जन्मली मस्कतच्या इस्पितळात. पाऊस त्यांनी पाहिला तो आजोळच्या खिडकीतून, तोही मोबाइलवरून मान वर केली असेल तर. त्यांना मोसमी वारे समजावताना सर फळ्यावर असे काही बाण मारतात की पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकतात. आणि मस्कत अरबी समुद्राच्या काठी आहे असं कुणी म्हटलंच, तर मग तो प्राचार्य असो की पाहुणा, त्याला जागच्या जागी दुरुस्त केलं जातं: "ओमानचं आखात. अरबी समुद्र पुढे आहे."

घरी भिंतीवर दोन घड्याळं. एक मस्कतचं, दुसरं दीड तास पुढे असलेलं भावाचं. भाऊ रत्नागिरीला बँकेत. सरांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी भाऊ लोळत असतो तेव्हा सर पहिल्या तासाला उभे. २०१३ पर्यंत तर ओमानची सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती, त्या काळात दोघा भावांचा एकही वार जुळत नव्हता. पुढे ओमानने शनिवार धरला, २०१५ मध्ये आपल्या बँकांना दुसरा-चौथा शनिवार मिळाला, आणि महिन्यातून दोनदा हे बंधुप्रेम सकाळी आठला फोनवर सुरू होऊ लागलं. त्यात निम्मा वेळ रियालचा भाव. एक रियाल म्हणजे दोनशेच्या वर रुपये, त्यामुळे सर कोथिंबिरीची जुडी घेतानाही आधी गुणाकार करतात आणि मग ती परत ठेवतात. वहिनी, म्हणजे सरांच्या सौ., ती पुन्हा उचलतात. वहिनी गुणाकार करत नाहीत, म्हणून घर चाललं आहे.

सर प्रवासाला जात नाहीत. सर सहल नेतात. गाडीत घरची माणसं चार, तरी निघण्यापूर्वी हजेरी. जबल अखदर डोंगरावर फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीशिवाय सोडत नाहीत, पायथ्याशी बिरकत अल-मौझला पोलिसांची चौकीच आहे. सरांनी त्यासाठी गणिताच्या सहकाऱ्याची गाडी मागून घेतली आणि सहकाऱ्यालाही घेतलं, कारण तो सोडत नव्हता. पायथ्याचा फलज, म्हणजे डोंगरातलं पाणी उतारावर वळवून शेतात आणणारा पाट, २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुलांनी त्यात पाय बुडवले. सरांनी उतार विचारला. मग वर चढताना, "दर एकशे पासष्ट मीटरला तापमान एक अंशाने उतरतं. मस्कतला समुद्रकाठी चाळीस, वर सैक गाव दोन हजार मीटर, तर तिथे किती?" मागच्या सीटवर शांतता. "अठ्ठावीसच्या आसपास!" सर स्वतःच ओरडले. वहिनींनी हिशेब न करता शाल आणली होती. वर पोचल्यावर ती सरांनीच पांघरली.

पण सरांची खरी सहल दक्षिण ओमानमधल्या सलालाची. जूनमध्ये शाळा सुटली की सर कोकणात जातात, महिनाभर शेवाळ, गळकं छप्पर आणि न वाळणारे कपडे यांत काढतात, आणि परत येऊन पाऊस बघायला हजार किलोमीटर गाडी हाणतात. का, असं विचारू नये. विचारलंच तर उत्तर असं: रत्नागिरीत पाऊस असतो, सलालात *उदाहरण* असतं. त्याच नैर्ऋत्य वाऱ्यांची कड सलालाभोवतीच्या धोफार प्रांताच्या किनाऱ्याला घासून जाते.

वाट भयंकर कंटाळवाणी. आदम, हैमा, तुमरैत. मधे वाळू आणि पेट्रोल पंप. मुलं झोपतात, वहिनी झोपतात, सर एकटेच "बघा, काय सपाट आहे!" म्हणत राहतात. तुमरैतनंतर घाट लागतो आणि डोंगर ओलांडताच काच धुक्याने पांढरी होते. खाली हिरवंगार गवत, गाई, आणि त्याच गवतात चरणारे उंट. धाकट्याने विचारलं, "बाबा, उंट इथे चुकून आले का?" सरांना तो प्रश्न इतका आवडला की त्यांनी गाडी बाजूला घेतली.

सरांनी सोबत पर्जन्यमापक आणला होता, म्हणजे गळा कापून उलटा बसवलेली प्लास्टिकची बाटली, बाजूला पट्टी चिकटवलेली. रात्रभर ती गच्चीत ठेवली. सकाळी आत तीन मिलिमीटर. वहिनी म्हणाल्या, "तेही मी काल बाटली धुतली होती म्हणून."

सर क्षणभरच खचले. मग त्यांनी कारण सांगितलं, आणि ते खरंच सुरेख आहे. त्या मोसमात धोफारसमोर समुद्राचं खालचं थंड पाणी वर येतं, त्यावरून येणारी हवा गार होते, आणि वर वाळवंटाची गरम हवा झाकणासारखी बसलेली असते. ढग वर चढूच शकत नाही. डोंगराला टेकून भुरभुरतो. ते धुकं पानांवर अडतं, थेंब होतं आणि मुळाशी टपकतं. बाटलीला पानं नसतात.

दुपारी इत्तीनच्या माळावर तोबा गर्दी. आखातभरातून आलेली कुटुंबं सतरंज्या टाकून मुद्दाम भिजत होती, पोरं चिखलात लोळत होती. त्या सगळ्यांत पायापर्यंत रेनकोट, वर छत्री, असा एकच माणूस कोरडा होता. एका धिप्पाड, पायघोळ दिशदाशावाल्या गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, हिंदुस्तानात पाऊस असाच असतो का?

सरांनी छत्री मिटली. गाडीच्या धुरकट काचेवर बोटाने आफ्रिका काढली, मग भारत, मग बाण. बघता बघता सात-आठ पोरं गोळा झाली, दोघांनी हातही वर केले. वहिनींनी सहलीच्या प्रमुखांकडे एकवार पाहिलं आणि दोन्ही मुलांना घेऊन मिश्काकच्या, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाच्या, गाड्यावर दुसरी प्लेट मागवली. बंगालच्या उपसागराची शाखा अजून यायची होती.