सनस्क्रीन पुरवून वापरण्याचे शास्त्रोक्त मार्गदर्शन

सनस्क्रीनची 50 ग्रॅमची ट्यूब चाळीस दिवसांत संपवणारी उधळी माणसे जगात आहेत. मराठी मध्यमवर्गीय घरात ती दिवाळीच्या खरेदीत येते, पाडव्याला निम्मी होते आणि गणपतीत पाहुण्यांनाही थोडी लावायला मिळते. चार-पाचशे रुपयांची वस्तू एवढी पुरवायची तर अंगी कसब हवे. होतकरू मंडळींच्या सोयीसाठी ते कसब येथे क्रमवार दिले आहे.

सुरुवात मात्रेपासून करावी. ट्यूब दाबून हरभऱ्याएवढा थेंब काढावा. त्यातला थोडा नाकाला, थोडा दोन्ही गालांना, उरलाच तर कपाळाला. मान ही शरीराचा भाग नसल्याने तिला काही लावण्याचा प्रश्न येत नाही. कानांचेही तेच.

आता प्रयोगशाळेतले लोक काय करतात ते पाहावे, म्हणजे आपण किती वाचवतो याचा अंदाज येईल. ट्यूबवर छापलेला एसपीएफचा आकडा ठरवताना स्वयंसेवकांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या हिशेबाने सनस्क्रीन लावतात. मग कृत्रिम सूर्यप्रकाशाच्या दिव्याखाली उघडी त्वचा किती किरणांनी लाल होते आणि लेप दिलेली किती किरणांनी, याचे गुणोत्तर काढतात. तेच गुणोत्तर म्हणजे एसपीएफ. चेहरा आणि पुढची मान मिळून साधारण 600 चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळेला सव्वा ग्रॅमच्या आसपास सनस्क्रीन लागते. तराजू घेऊन आरशासमोर कोण बसणार, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी एक सोपे माप काढले आहे: तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींच्या पेरांवरून टोकापर्यंत एकेक सलग रेघ. ही रेघ पहिल्यांदा ओढताना घरातली ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात, “अगं, एवढं?” बहुतेक माणसे ठरलेल्या मात्रेच्या निम्मे किंवा पाव भागच लावतात, त्यामुळे 50चा आकडा ट्यूबवरच राहतो आणि चेहऱ्यावर त्याचा किरकोळ अंश पोचतो. बचत मात्र पक्की होते.

आकड्यांच्या बाबतीत होतकरूंनी मोकळ्या हाताने बेरीज करावी. मॉइश्चरायझर 15चे, सनस्क्रीन 30चे, फाउंडेशन 20चे, एकूण 65. हा हिशेब कॉलेजच्या कट्ट्यापासून लग्नाच्या मेकअपपर्यंत सगळीकडे मान्य आहे. फक्त त्वचेला तो मान्य नाही. थरांचे एसपीएफ असे एकमेकांत मिळवता येत नाहीत आणि फाउंडेशन त्याच्या छापील आकड्याला उतरेल इतके जाड कोणी लावतही नाही. तसे लावले तर पापण्या उचलताना श्रम होतील. शिवाय 15चे सनस्क्रीन नीट मात्रेत लावले तर यूव्हीबी या अतिनील किरणांपैकी सुमारे 93 टक्के अडवते, 30चे सुमारे 97 आणि 50चे सुमारे 98. म्हणजे 30 आणि 50मधला फरक एका टक्क्याचा. त्या टक्क्यासाठी दुकानात अर्धा तास घासाघीस करून घरी येऊन पाव मात्रा लावणे, ही या विद्येतली उच्च पायरी होय.

या आकड्यात आणखी एक गोम आहे. एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजवणाऱ्या यूव्हीबीचे माप सांगतो. खोलवर जाऊन सुरकुत्या आणि डाग देणाऱ्या यूव्हीएसाठी जपानने 1996मध्ये ‘पीए’ ही खूण सुरू केली. तिच्यापुढचे अधिकचे चिन्ह जितके जास्त, तितके संरक्षण जास्त. चार चिन्हे हा सध्याचा कळस. ती ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. होतकरूने ती वाचू नयेत, चष्म्याचा नंबर वाढतो.

लावण्याचा क्रम मात्र काटेकोर असावा. शास्त्र म्हणते: चेहरा धुवावा, सीरम लावत असल्यास ते लावावे, मग मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मगच प्राइमर, फाउंडेशन वगैरे. घराबाहेर पडण्याच्या पंधरा मिनिटे आधी हे व्हावे. आता सकाळची पंधरा मिनिटे कोणाकडे असतात? डबे भरायचे असतात, गॅस बंद केला की नाही हे दोनदा बघायचे असते. म्हणून जाणकार मंडळी तळहाताच्या मागच्या बाजूवर सनस्क्रीन आणि फाउंडेशन एकत्र कालवतात आणि एकाच फटक्यात मोकळी होतात. असे कालवल्याने सनस्क्रीनचा सलग थर बसत नाही, कुठे जाड तर कुठे काहीच नाही असे होते. पण वेळ वाचतो.

ज्यांना कालवणे पसंत नाही, त्यांनी घाई करावी. मॉइश्चरायझर ओले असतानाच वर सनस्क्रीन चोळावे आणि सनस्क्रीन मुरायच्या आत त्यावर फाउंडेशन घासावे. डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलच्या महिला डब्यात याचा निकाल जवळून पाहता येतो. एका हाताने वरचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात छोटा आरसा, आणि हनुवटीच्या कडेला करड्या-पांढऱ्या बारीक वळ्या सुटू लागलेल्या. पाण्याच्या आधारावरचा थर आणि सिलिकॉनचा थर एकमेकांवर धड बसत नाहीत, त्यात घासले की ते असे गोळा होऊन निघतात. बाई त्या वळ्या चिमटीने काढतात आणि त्यांच्याबरोबर सकाळचे सगळे सनस्क्रीनही निघून जाते. थर चोळण्याऐवजी थोपटून बसवले आणि मध्ये दोन-तीन मिनिटे जाऊ दिली तर हे टळते. डब्यात बसायला जागा मिळाली तर तेही जमेल.

पांढरेपणाची तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे कण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही पसरवतात, त्यामुळे सावळ्या चेहऱ्यावर हे सनस्क्रीन लावले की माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. गोऱ्या कातडीसाठी बनवलेला माल आपल्याकडे वर्षानुवर्षे खपवला गेला, हे सांगायला कोणाची परवानगी नको. आता रंग मिसळलेली, म्हणजे टिंटेड, सनस्क्रीन मिळतात. त्यांतले आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवते. ज्यांच्या गालांवर वांग आहे, त्यांच्यासाठी हा रंग निव्वळ सजावटीचा नसतो, कारण वांग गडद होण्यात दृश्य प्रकाशाचाही हात असतो. असे असूनही दुकानात ‘याने गोरं होतं का?’ हाच प्रश्न आधी विचारावा.

पुरुषांसाठी वेगळे मार्गदर्शन लागत नाही. त्यांना ऊन लागत नाही.

अपवाद म्हणून एक छायाचित्र सांगण्यासारखे आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने 2012मध्ये 69 वर्षांच्या एका ट्रकचालकाचा चेहरा छापला होता. 28 वर्षे मालाची गाडी चालवलेल्या या गृहस्थाचा उजवा गाल बऱ्यापैकी गुळगुळीत आणि डावा खोल सुरकुत्यांनी भरलेला, जणू बाप आणि मुलगा एकाच चेहऱ्यात. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि खिडकीकडचा गाल रोज ऊन खातो. साधी काच यूव्हीबी बरेचसे अडवते, यूव्हीए मात्र तिच्यातून आत येते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असते, त्यामुळे हा प्रयोग उजव्या गालावर चालू आहे. एसटीच्या कोणत्याही जुन्या चालकाचे दोन्ही हात शेजारी ठेवून पाहावेत.

ऊन नसले की सनस्क्रीन लावू नये, हा नियम जून ते सप्टेंबर पाळावा. पातळ ढगांतून बहुतांश अतिनील किरण खाली उतरतात, पण घामाचा चिकचिकाट होतो आणि तेवढे कारण पुरते. ऊन कडक आहे का, हे ठरवायला ॲपही लागत नाही: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तर अतिनील किरणे जोरात आहेत असे समजावे. कोकण असो की मराठवाडा, भर दुपारी सावली पायाशी गोळा झालेली असते.

पुण्याने या सगळ्यावर स्कार्फचा उपाय काढला. स्कूटरवर फक्त डोळे दिसतील असा चेहरा गुंडाळायचा, हातात कोपरापर्यंत हातमोजे. कल्पना उत्तम, कापड मात्र तपासावे. पातळ, पांढऱ्या सुती कापडाची अतिनील किरणे अडवण्याची ताकद बेताचीच असते आणि ओले झाल्यावर ती आणखी घटते. स्कार्फ दिव्यासमोर धरावा. उजेड सरळ आरपार दिसला तर किरणेही जातात. घट्ट विणीचे गडद कापड बरे. ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला फडके बांधतात. ऑस्ट्रेलियाने 1981मध्ये ‘शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी घाला’ अशी मोहीम काढली, तिच्यातल्या दोन गोष्टी या बायका कोणत्याही मोहिमेशिवाय करत आल्या आहेत. तिसरी त्यांना परवडत नाही.

सर्वांत अवघड भाग पुढे आहे. उन्हात असताना दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावायचे असते, घाम आला किंवा तोंड पुसले तर त्याआधीच. मेकअपवर हे कसे करायचे, या प्रश्नावर कंपन्यांनी काड्या, कुशन, फवारे आणि पावडरी असा संसार उभा केला आहे. त्यात काडी आणि कुशन त्यातल्या त्यात कामाचे: आधी टिश्यूने तेल टिपून घ्यावे, मग न घासता थोपटत दोन-तीन फेऱ्या द्याव्यात. पावडरीचे मात्र समाधानच मोठे. छापील संरक्षण मिळेल इतकी पावडर चेहऱ्यावर थांबत नाही. दिवसभर कचेरीत खिडकीपासून लांब बसणाऱ्यांनी दुपारच्या हप्त्याचा फार घोर लावून घेऊ नये; घरी परतताना ऊन असेल तर निघण्यापूर्वी एकदा लावले तरी पुष्कळ.

एवढा खटाटोप करून हाती काय लागते, असे विचारणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावाचे उदाहरण आहे. तिथे 900हून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, निम्म्यांना मनाला येईल तेव्हा. 2013मध्ये निष्कर्ष छापून आला: रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा 24 टक्के कमी दिसल्या. मनाला येईल तेव्हा लावणारा गट आपल्या ओळखीचाच आहे.

आता शेवटची सूचना, आणि ही गंमत नाही. ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, मे महिन्यात तिथली उष्णता सनस्क्रीनचे घटक बिघडवू शकते. ती वर्षभर पुरवलीच असेल, तर शेपटी कात्रीने कापून आतले पुसून घेण्याआधी त्याच शेपटीवर ठसवलेली मुदतीची तारीख वाचावी. तारीख उलटून गेली असेल तर कात्री खाली ठेवावी आणि नवी ट्यूब आणावी.