कालनिर्णय

ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना 'कालनिर्णय' म्हणतात. तोंडावर काका. आमचा धंदा औषधांच्या वितरणाचा आणि काका एमआयएसला. रोज सकाळी साहेबांपासून आमच्यापर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर उघडणारा विक्रीचा पॉवर बीआय रिपोर्ट त्यांच्या हातचा. त्यातले रंगीत खांब कोणीही उभे करील. काकांचा जीव अडकलाय तो वरच्या कोपऱ्यातल्या तारखेच्या चौकटीत. रिपोर्ट उघडल्याबरोबर तिथे कुठली तारीख दिसावी, या एका प्रश्नावर माणसाने सहा वर्षं काढली आहेत.

"तारीख काय, बदलता येते की," असं मी एकदा बोलून गेलो. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"येते. पण बदलतो कोण? उघडल्यावर दिसेल ते खरं, ही सगळ्यांची श्रद्धा. म्हणजे मी ठेवीन तो कंपनीचा आजचा दिवस!"

पहिल्यांदा त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं. रिपोर्ट चढवताना जी तारीख निवडलेली असेल तीच तिथे गोठून बसते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही तीन आठवडे 14 ऑगस्टचीच विक्री बघत होतो. आकडा रोज तोच येतोय, याचं आश्चर्य फक्त अकाउंट्सला वाटलं. आम्ही सेल्सवाले त्याला सातत्य समजत होतो.

मग त्यांनी 'आज' लावलं. सकाळी नऊ वाजता आज कोण काय विकणार? सगळीकडे शून्य. मग 'काल' लावलं. सोमवारी काल म्हणजे रविवार, पुन्हा शून्य. शेवटी ठरलं, ज्या दिवशी शेवटचं बिल फाटलं तो दिवस. हे मात्र छान चाललं, एका डेपोतल्या पोराने 2025 च्या जागी 2052 टाइप करेपर्यंत. त्या सकाळी रिपोर्ट सत्तावीस वर्षं पुढे उघडला, आणि तिथे विक्री होती खोकल्याच्या औषधाच्या दोन पेट्या.

सरळ 'मागचा एक दिवस' असं सांगायची सोय पॉवर बीआयमध्ये आहे. पण ती लावली की मधलीच एखादी तारीख निवडता येत नाही, आणि लोकांना दोन्ही हवं असतं. काकांना तोडगा सुचला तो खानावळीत. फळ्यावर 'आजची भाजी' हे शब्द कायमचे रंगवलेले, भाजी तेवढी रोज बदलते! त्यांनी तारखांच्या तक्त्यात एक जादा रकाना घातला. सगळ्यात नव्या तारखेसमोर 'ताजी' एवढाच शब्द, बाकीच्यांसमोर आपापली तारीख. चौकटीत 'ताजी' निवडून ठेवलं. रोज डेटा भरला की शब्द जागचा हलत नाही, त्याच्या मागची तारीख सरकते. त्या दिवशी काकांनी स्वतःच्या खर्चाने पेढे वाटले. कशाचे ते कोणाला कळलं नाही.

पण सुख कुठलं? महिन्याच्या बेरजेचं पान त्यांनी 'आज'वरून मोजलं होतं. साहेबांनी 1 तारखेला पहाटे साडेचारला विमानतळावर ते उघडलं, तर मागचाच महिना. फोन आला. काका झोपेतून उठून म्हणाले, "साहेब, क्लाउडवरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेचं. तिकडे अजून तारीख बदललेली नाही." तेव्हापासून सूत्रात साडेपाच तास मिळवलेले आहेत. 1 एप्रिल हा तर त्यांच्या लेखी सुतकाचा दिवस. इंग्रजांनी 1867 साली एप्रिल-मार्चचं वर्ष आपल्या गळ्यात बांधलं, त्याचं दुःख या देशात दरवर्षी नेमाने करणारा हा एकच माणूस. त्या दिवशी 'चालू वर्ष' कोरं उघडतं. म्हणून पहिले तीन दिवस मागचंच वर्ष दाखवायचं, असा त्यांनी नियम केलाय.

हे सगळं आता अंगात मुरलंय. कॅन्टीनच्या पोराला कोणी विचारलं, "वडे आजचे का रे?" की काका मध्येच, "कुठल्या आजचे ते विचारा." आणि खरं सांगायचं तर वड्यांच्या बाबतीत तो प्रश्न अगदी रास्त असतो.

तारखेच्या त्या चौकटीला साहेबांचं बोट एकदाच लागलं. गेल्या दिवाळीत त्यांनी कौतुकाने दिवाळीआधीचा आठवडा निवडून पाहिला, जेव्हा दुकानदारांनी साठा भरला होता. हे सॉफ्टवेअर ज्याने जे निवडलं ते त्याच्यापुरतं लक्षात ठेवतं. त्यामुळे साहेबांच्या मोबाइलवर तेव्हापासून रोज दिवाळीच आहे. ते भेटेल त्याची पाठ थोपटतात. मूळच्या तारखेवर परत आणणारं एक बटण वर असतं, एका बोटाचं काम. तारखेसाठी झोपमोड करून घेणारे काका ते दाखवायला दोनदा केबिनच्या दारापर्यंत जाऊन आले.

पगारवाढीची पत्रं पुढच्या आठवड्यात निघणार आहेत. बटण अजून दाखवलेलं नाही.