पहिला अल्बम भारी होता

उसाची उचल, कापसाचा भाव, पुढचं तिकीट कुणाला, या विषयांवर बीड जिल्ह्यात मत मागावं लागत नाही. बसायला खुर्ची दिली की ते आपोआप येतं. पंकशेठची अडचण वेगळी आहे. त्याच्याकडे मतं पोत्यानं आहेत, पण ज्या विषयावर आहेत तो विषयच तालुक्यात दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

पुण्याला शिकायला जायचं आणि परत येताना डिग्रीबरोबर पंक आणि इंडी रॉकचा नाद घेऊन यायचं, अशी एक जमात आहे. बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी, कुठंही एखादा भेटतोच. आमचा नमुना वडिलांच्या कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसतो. 'पंकशेठ' म्हणजे पंकजचं लाडकं रूप, असं गिऱ्हाइकांना वाटतं. त्याचं नाव पंकज नाही, पण उधारीच्या वहीला त्यानं फरक पडत नाही.

अंगात काळा टीशर्ट, त्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा. जॉय डिव्हिजनच्या १९७९ सालच्या 'अननोन प्लेझर्स'चं ते मुखपृष्ठ. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "शेठ, बालाघाटाचा नकाशा का हा?" पंकशेठ खत मोजायचं थांबवून सांगू लागला की, या आकाशातल्या एका ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी आहेत. माहिती खरी आहे. पण त्या माणसाला सोयाबीनचं बियाणं हवं होतं आणि वीस मिनिटांनी एसटी होती.

दुकानातला स्पीकर दिवसभर चालू असतो. ऐकणारा आधी त्याच्या प्रकृतीची चौकशी करतो.

"शेठ, स्पीकर फाटलाय तुमचा."

"फाडलेलाच होता काका! १९६४ साली. किंक्समधल्या डेव्ह डेव्हिसनं स्वतः ब्लेडनं फाडला, म्हणून गिटारचा हा आवाज आला. पंकचं मूळ इथं आहे."

"मग साठ वर्षांत दुसरा नाही घेतला का कुणी?"

अशा वेळी पंकशेठच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसतं, ते बोंडअळीनं कपाशी गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही मी पाहिलेलं नाही.

त्याची सगळी मतं एकाच वळणाची असतात. पहिला अल्बम भारी होता, दुसरा ठीक, तिसऱ्यापासून विकले गेले. पुण्यात २०१० साली एनएच-सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हा हा तिथं होता. त्यावरचं मत असं, की पहिल्या वर्षी दर्दी लोक होते, नंतर कॉलेजची पोरं घुसली. त्या पहिल्या वर्षी हा स्वतः सेकंड इयरला होता आणि दोन विषय राहिले होते, ते तो सांगत नाही.

द क्लॅशबद्दल त्याला विशेष राग. एकदा चहाच्या टपरीवर म्हणाला, "क्लॅश संपले कधी? १९७७ च्या जानेवारीत. सीबीएसला गेले तेव्हा!"

शेजारच्यानं कप खाली ठेवला. "नाशिकला?"

सीबीएस म्हणजे नाशिकचं एसटी स्टँड नव्हे, रेकॉर्ड कंपनी, हे समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी कळलं ते असं, की गरिबांची गाणी म्हणणारी पोरं एक लाख पौंड घेऊन मोठ्या कंपनीत गेली. "मग पक्षांतर म्हणा की," शेजारी म्हणाला, आणि टपरीवरच्या सगळ्यांना पंकचा इतिहास एका दमात कळला. मला विचाराल तर 'लंडन कॉलिंग' हा अल्बम त्या कंपनीत गेल्यावरच आला आणि फार चांगला आहे. हे पंकशेठसमोर बोलून पाहिलं. आमच्या घरच्या युरियाचं पोतं आठ दिवस उशिरा मिळालं.

कालगणना त्याची स्वतंत्र आहे. किल्लारीचा भूकंप? "'इन यूटेरो' आला त्या महिन्यात." मुंडेसाहेब उपमुख्यमंत्री झाले? "'द बेंड्स'च्या आठवड्यात." तारखा ताडून पाहिल्या, बरोबर निघतात, पंकशेठला सोमवारी डीएपी येणार की नाही एवढंच नक्की सांगता येत नाही. एकदा मात्र त्याची गणती तोकडी पडली. माय ब्लडी व्हॅलेंटाइननं 'लव्हलेस' १९९१ ला काढला आणि पुढचा अल्बम थेट २०१३ ला, एकवीस वर्षं लोक वाट पाहत राहिले, असं तो गहिवरून सांगत होता. समोर बसलेले बीडकर होते. अहिल्यानगरची रेल्वे त्यांनी अखेर १७ सप्टेंबर २०२५ ला पाहिली. "एकवीसच?" त्यातला एक म्हणाला.

घरात त्याच्या तोडीचा गडी एकच, त्याचे वडील. आण्णा माळकरी. आपेगावच्या शंकरबापूंचा पखवाज समोर बसून ऐकलेला माणूस, त्यामुळे त्यांना नंतरचं काहीच पसंत नाही. अमुक महाराज? "पाकीट वाढलं, कीर्तन गेलं." तमुक महाराज? "मांडव लहान होता तोवर ऐकावं." पंकशेठ म्हणतो, आण्णा जुन्यातच अडकलेत. आण्णांनी एकदा शांतपणे विचारलं, "हे तू ऐकायलास ते कधीचं रं?"

"रमोन्स आहेत आण्णा. १९७६."

"म्हंजे आणीबाणीतलं. आन् हैत का ती माणसं?"

चौघंही वारलेत, हे पंकशेठला कबूल करावं लागलं. आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त टाळ उचलले आणि हरिपाठाला निघून गेले.

एक मत मात्र मी त्याच्याकडून घेऊन ठेवलंय. पंक म्हणजे तीन कॉर्ड आणि सांगण्यासारखं काहीतरी, शिक्षण नको, स्टुडिओ नको, असं पुस्तकी ज्ञान पाजळता पाजळता तो म्हणाला, "आन् कडूबाई खरात काय करतात? एकतारी. एकच तार! भीमगीत म्हणत दारोदार फिरली बाई. त्या रमोन्सला दोन कॉर्ड जास्तच लागले." कॉर्ड आणि तार यांचा हिशोब त्यानं कच्चा केला, पण माणूस बरोबर ओळखला. त्या दिवशी दुकानात बसलेल्या चौघांनी पहिल्यांदाच मान डोलावली, आणि कधी नव्हे ते मत मान्य झाल्यामुळे पंकशेठ गोंधळून गेला.

कारण त्याची खरी भूक ऐकणाऱ्याची नाही, भांडणाऱ्याची आहे. मध्यंतरी एका बँकेत बदलून आलेला एक तरुण अधिकारी द स्मिथ्सचा टीशर्ट घालून दुकानात आला. पंकशेठनं गल्ला सोडून त्याला मिठी मारली. चहा आला. दुसरा चहा यायच्या आत रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' मोठा की 'किड ए', यावर आवाज चढले आणि 'ग्रीन डे म्हणजे पंक का' इथं येऊन बोलणं तुटलं. आता दोघं एकमेकांचं नाव घेत नाहीत. "त्याला काही कळत नाही," असं दोघंही सांगतात, आणि रात्री दोघंही एकमेकांना गाण्याच्या लिंका पाठवतात, खाली एक अक्षर न लिहिता.

तेव्हा बीडला आलात आणि खत घ्यायचं असेल, तर पंकशेठकडेच जा. माल चोख आहे. मांजरसुंब्याकडे गाडीवर निघाला असाल तर पोचेपर्यंत रमोन्सचा पहिला अल्बम संपतो, चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं, हे तो न विचारता सांगेल. तुम्ही फक्त म्हणा, "दुसरा जास्त चांगला आहे." चहाचे पैसे तो देईल. खत मिळायला मात्र संध्याकाळ होईल.