१४४१६, स्पीकरवर

१० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक बुलडाणा जिल्ह्यातूनही चोवीस तास फुकट लागतो. मात्र पोरगं गप्पगप्प दिसलं, की मोबाइलनेच डोकं बिघडलं असं निदान करून घरचे आधी मोबाइलच काढून घेतात. ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगीच; हेल्पलाइनवरचा ताण तेवढाच हलका. मग फोन करायचाच तर बापाच्या मोबाइलवरून; त्यावर कोणी गोपनीयतेचा आक्षेप घेईल. पण मेहकर-मोताळ्यातल्या घरात बापापासून लपवायचं असतं तरी काय? उलट वडिलांनीच फोन लावावा, ओसरीत, भावकी जमवून, स्पीकरवर. ‘नीट’चे मार्क हाताशी असू द्यावेत. समुपदेशकाने ‘त्रास कशाचा?’ विचारलं, की उत्तरही त्यांनीच द्यावं. ‘फोन जरा मुलाकडे द्या’ म्हटलं, की मात्र नेमकी रेंज जाते.