हार्डलीकाका

“हार्डली पाच मिनिटांचं काम आहे,” असं म्हणत कुणी दारात उभं राहिलं, की समजावं, आजची संध्याकाळ गेली. हा गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. आमच्याकडे तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. पाटीवर नाव वेगळं आहे, पण वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना हार्डलीकाकाच म्हणतात.

सिंहगडावर मला त्यांनीच नेलं. “आतकरवाडीतून हार्डली अर्धा तास!” गडाची उंची समुद्रसपाटीपासून 1312 मीटर आहे, हे ज्ञान मला वर पोचल्यावर झालं, पावणेदोन तासांनी, ताकाच्या तिसऱ्या पेल्यापाशी. काका तोवर पिठलं-भाकरी संपवून टोपीने वारा घेत बसले होते. माझ्या मूळव्याधीचं ऑपरेशनही हार्डली दहा मिनिटांचं होतं. हे त्यांनी मला आदल्या रात्री, मुद्दाम घरी येऊन, दीड तास समजावून सांगितलं.

पण कळस झाला तो भाच्याच्या लग्नाची बोलणी चालू असताना. मुलीचे वडील इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. मुलगा कसा आहे, असं त्यांनी विचारायचा अवकाश, काका पोह्यांची बशी खाली ठेवून इंग्रजीत उतरले. “ही वर्क्स व्हेरी हार्डली!”

गुरुजींचा घास तोंडातच राहिला. “म्हणजे... काहीच करत नाही?”

“छे छे! रात्रंदिवस हार्डली!”

लग्न झालं, पण ते मुलीने भाच्याला कॉलेजातच पसंत करून ठेवलं होतं म्हणून.

त्या रात्री मी धीर करून सांगितलं, “काका, मेहनत घेतो तो ‘हार्ड’. ‘हार्डली’ म्हणजे जवळजवळ नाहीच. त्या शब्दाच्या पोटातच नकार आहे. म्हणून तर ‘ही हार्डली कम्स’ला शेपूट लावायचं ते ‘डझ ही?’ असं होकारार्थी. ‘डझन्ट ही?’ लिहिलं की शाळेत मार्क जायचा.”

काका शांतपणे म्हणाले, “हे सांगायला हार्डली एक मिनिट पुरलं असतं. तू दहा घेतलीस.”

चिडून घरी आलो आणि कोश उघडला. तिथे वेगळीच फजिती. जुन्या इंग्रजीत हार्डली म्हणजे चक्क जोमाने, नेटाने! पुढे त्याचा अर्थ झाला ‘मोठ्या कष्टाने’, आणि जे मोठ्या कष्टाने होतं ते बहुधा होतच नाही, या उताराने शब्द घसरत घसरत नकारात जाऊन बसला. म्हणजे काका बरोबर होते, फक्त काहीशे वर्षं उशिरा जन्मले. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. डोक्यावर बसतील.

परवा दिवाळीआधी पुन्हा बेल वाजली. “तुझी फोल्डिंगची खाट देतोस? मुलगा येतोय न्यू जर्सीहून. नऊ दिवस.”

मी वाट बघत राहिलो. शब्द आलाच नाही. काकांनी बोटांवर मोजून पुन्हा सांगितलं, “पूर्ण नऊ दिवस.”

काकू गेल्यापासून त्यांच्या घरात दुसरी खाट नाही. मी ती पोचवली, तेव्हा उशीला नवा अभ्रा घालून तयार होता आणि स्वयंपाकघरात चकल्यांचा डबा झाकणाला सुतळी बांधून ठेवलेला होता, मऊ पडू नयेत म्हणून.

सहाव्या दिवशी संध्याकाळी काका खाट घेऊन दारात. एकटेच, जिन्यावरून ओढत आणलेली. मुलाला ऑफिसचं काहीतरी तातडीचं निघालं होतं. चकल्यांचा डबाही खाटेवर होता, सुतळीसकट.

“अहो, मला हाक नाही का मारायची? एवढी जड खाट!”

“कसली जड? हार्डली काही वजन आहे तिला,” काका धापा टाकत म्हणाले, आणि तिथेच खाट उघडून बसले. “पाचच मिनिटं टेकतो हं, हार्डली.”

मी आत जाऊन बायकोला सांगितलं, भात थोडा जास्त टाक.