दरजा भरणारा माणूस

नळ गळायला लागला की काही लोक प्लंबरला फोन करतात, काही लोक पाना विकत आणतात. दुबईतल्या जबल अलीत राहणारा आमचा एक मित्र दुसऱ्या पंथाचा महंत आहे. 1979 साली सुरू झालेल्या तिथल्या बंदरावरच्या कंटेनरांची वेळापत्रकं तो आखतो. वेळापत्रक आखलं की निम्मं काम झालं, अशी त्याची श्रद्धा. आम्ही त्याला मुकादम म्हणतो.

मुकादमाने जुना व्हिला भाड्याने घेतला. मागे बाग आणि बागेला गुडघाभर उंचीची दगडी भिंत. दगडांमधला चुना भुसभुशीत होऊन झडत होता. "दरजा भरायच्यात. घरमालक हो म्हणालाय," त्याने जाहीर केलं, "आणि आमच्या आजोबांनी गुहागरला अख्खा गडगा घातला होता!" गडगा म्हणजे नुसता दगडावर दगड, त्यात भरायला दरजच नसते, हे आम्ही बोललो नाही. कारण तोवर ग्राइंडर, तीन आकारांच्या थाप्या, गुडघ्यांना बांधायच्या गाद्या आणि लेझरवाली लेव्हल घरात आली होती. गुडघाभर भिंतीला लेझर!

अभ्यास मात्र पक्का. सिमेंट का नको, हे तो समोरच्याचा चहा गार होईपर्यंत सांगतो. सिमेंट दगडापेक्षा टणक. ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ती दगडातून वाट काढते, समुद्राजवळ खारही बरोबर आणते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना मऊ, तो ओल सोडतो. दुबईतला 1787 सालचा अल फहिदी किल्ला प्रवाळाच्या दगडांचा आहे, हेही ऐकून घ्यावं लागतं. एक भाग चुन्याला तीन भाग वाळू. त्या वाळूसाठी हा दुकानात गेला. चारी दिशांना वाळवंट आणि हा गृहस्थ पैसे मोजून वाळूची पोती डिकीत घालतोय! पण ते बरोबरच होतं. वाऱ्याने घासून गोटीगोल झालेले वाळवंटातले कण एकमेकांना धरत नाहीत.

मुहूर्त लागला जूनच्या शेवटी. 15 जून ते 15 सप्टेंबर इथे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला मनाई आहे. साडेबाराच्या ठोक्याला वहिनींनी दार उघडून कायदा पुकारला.

"तो मजुरांसाठी आहे," मुकादम.

"मग तू कोण? पाहुणा?"

ग्राइंडरने जुना चुना निघाला, सोबत दगडांच्या कडाही निघाल्या. भिंत आधी भिजवायची असते, हे त्याच्या तक्त्यात होतं, पण रविवारच्या रकान्यात. शनिवारीच भरलेल्या चुन्यातलं पाणी तापल्या दगडांनी घटाघटा पिऊन टाकलं आणि संध्याकाळी बोट लावावं तिथून पीठ गळू लागलं.

शेजारच्या व्हिलात काम करणारा राजस्थानी मिस्त्री हे सगळं कुंपणावरून पाहत होता. शेवटी त्याच्याने राहवेना. "साब, पहले दीवार को पानी पिलाओ." पुढच्या सुटीला तो छिन्नी-हातोडी घेऊन आला. सांधे बोटभर खोल कोरले, धूळ धुतली, भिंत भिजवली, चुना थोडा थोडा आत दाबत गेला आणि वर ओली तरटं टाकली. मुकादम पाण्याची नळी धरून उभा होता आणि मिस्त्री वेळापत्रकाच्या किती मागे आहे, हे त्याला सांगत होता.

वरचा एक थर मात्र हट्टाने त्याने स्वतः भरला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू, कित्येक आठवड्यांनी पुरता कडक होतो, हे त्यानेच आम्हाला शिकवलं होतं. तरी "झाला का?" म्हणून तो रोज ऑफिसातून येऊन बोट दाबून बघायचा. त्या थरावर त्याच्या अंगठ्याचे ठसे कायमचे उमटलेत. पाहुण्यांसमोर तो त्याला हाताचं काम म्हणतो.

भिंत उत्तम झाली आहे, खालचे थर विशेषच. तुमच्याकडे कुठे पोपडे सुटले असतील, सांधे उघडे पडले असतील, तर कृपा करून मुकादमासमोर बोलू नका. ग्राइंडर अजून त्याच्या डिकीत आहे.