बखरीत नसलेला उट्रेड

एम.ए.च्या वर्गाला प्राचीन इंग्रजी काव्य शिकवण्याची कामगिरी ज्याच्या शिरावर येते, त्याच्या तासाला विद्यार्थी बसतात ते केवळ हजेरीपटाच्या धाकाने, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवान्ती, कोणाविषयीही आकस न धरता, नमूद करून ठेवतो. दहाव्या शतकातील एक्सेटर पोथीतले ‘द वाँडरर’ हे काव्य म्हणजे धनी गमावून गारठलेल्या समुद्रावर एकटाच वल्ही मारीत हिंडणाऱ्या एका शिलेदाराची कैफियत. तिचा गाभा ‘विर्ड’, म्हणजे प्रारब्ध. या शब्दाचा आधुनिक वंशज जो ‘वीअर्ड’, म्हणजे विक्षिप्त, तो विद्यार्थी बहुधा माझ्यासाठी राखून ठेवीत. पोथीच्या आरंभीच्या पानावर सुरीचे वार आणि पेल्याच्या बुडाचा गोल डाग आहे, एवढे ऐकण्यापुरता मात्र वर्ग जागा होई.

गेल्या वर्षी मागच्या बाकांवरून एकाएकी शंका येऊ लागल्या. चौकशीअंती निष्पन्न झाले की, बर्नार्ड कॉर्नवेलच्या कादंबऱ्यांवरून २०१५ साली निघालेली ‘द लास्ट किंग्डम’ ही मालिका वसतिगृहात रात्रभर चालते, आणि तिचा नायक उट्रेड, वल्द उट्रेड (नावांच्या बाबतीत इतकी काटकसर आमच्या घराण्यात नाही), ऊठसूट प्रारब्धाचा हवाला देतो. जे मला बावीस वर्षे खडू झिजवून साधले नाही, ते त्याने तलवार उपसून साधले. संशोधनाच्या मिषाने मीही एक भाग पाहिला, दुसऱ्यास मिषाची गरज उरली नाही, आणि रात्री दोन वाजता वेसेक्सच्या ढालींची भिंत डळमळताना मी “हाण!” म्हणून ओरडलो, असे कुटुंबाचे म्हणणे आहे.

सहामाहीच्या उत्तरपत्रिकांत एका चिरंजीवांनी ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’वर टीप लिहिताना ८७८ साली एडिंग्टन येथे गथ्रमच्या डेन फौजेला उट्रेडने धूळ चारल्याचे बेलाशक ठोकून दिले होते. त्या लढाईत कॉर्नवेलच्या कल्पनेवाचून उट्रेड कोणी पाहिलेला नाही, म्हणून मी तांबडी काट मारणार, तोच खालची ओळ दिसली: ही बखर आल्फ्रेड राजाच्या पदरच्या मंडळींनी रचल्यामुळे उट्रेडचे नाव गाळले गेले. इसम खोटा, पण युक्तिवाद खणखणीत! क्रॉनिकलचे संकलन आल्फ्रेडच्याच अमलात सुरू झाले. त्याचे चरित्र लिहिणारा असर हा तर त्याच्या दरबारातला धर्मगुरू. आणि धन्याचे मीठ खाऊन लिहिलेल्या बखरीत दुसऱ्याच्या तलवारीला किती ओळी मिळतात, हे निदान मराठी माणसाला तरी समजावून सांगावे लागू नये.

मी दहापैकी सहा गुण दिले. फेरतपासनिसांनी लेखी खुलासा मागवला. त्याचा मसुदा करण्यास बसून “महाशय” एवढे लिहून झाले होते, तोच माजघरातून आवाज आला, “अहो, तुमचा तो उट्रेड बापाचा किल्ला आज तरी परत घेणार का? दूध उतू जाऊ दिलंय मी त्याच्यापायी.”

खुलासा तहकूब झाला.